जमा आणि नावे

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले, म्हणजे आमच्या घरात माझी आणि माझ्या कागदांची स्थिती सारखीच होते. दोघांनाही कुणी कुठेही हलवावे, फक्त आम्ही मध्ये येता कामा नये! यंदाही मी असाच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत होतो. तेवढ्यात धाकट्या कन्येने फडताळातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबोडी वही काढली आणि दोन बोटांत धरून विचारले, "बाबा, ही कुणाची उधारी?"

तिची काही चूक नव्हती. वही दुकानदारीचीच आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, अशी आखणीही तिच्यावर आहे. पण डाव्या पानावर रुपये-पैशांऐवजी सा-रे-ग-म लिहिलेले आहेत. कुठे अक्षराखाली आडवी रेघ, कुठे डोक्यावर उभी रेघ, कुठे वर किंवा खाली टिंब. आणि उजव्या पानावर दोन-दोन, चार-चार ओळींचे शेरे आहेत. "उधारीच आहे," मी म्हटले, "पण फिटणारी नाही. जागेवर ठेव."

वही जागेवर गेली. मन मात्र तिथेच अडकून राहिले.

वाचकहो, आमच्या तालुक्याच्या गावात सात-आठ माणसांना एक छंद आहे. आम्ही बंदिशी करतो. बंदिश म्हणजे ख्यालगायक ज्या दोन-चार ओळी घेऊन तासभर राग उभा करतो त्या ओळी, त्यांची चाल आणि तालातली त्यांची बसवण, हे सारे मिळून. आधी स्थायी, मग अंतरा. एकंदर पोस्टकार्डाच्या अर्ध्या भागात मावेल एवढा ऐवज. पण तो करायला बसले म्हणजे तीनशे पानांची कादंबरी परवडली, असे वाटू लागते. मी दोन्ही करून पाहिले आहे, म्हणून सांगतो.

आमच्यात गवई म्हणावा असा कुणी नाही. किराणा दुकानाचे शेटजी आहेत. वही त्यांचीच देणगी. एस.टी.त कंडक्टर असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांना प्रवाशांच्या गर्दीत चाली सुचतात आणि त्या तिकिटाच्या पाठीमागे टिपून घ्याव्या लागतात. एक वकीलसाहेब आहेत. त्यांच्या विधवा बहिणीला आम्ही सगळे काकू म्हणतो. काकू स्वतः कधी बंदिश करीत नाहीत, पण आमच्यात गळा म्हणावा असा त्यांचाच. मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि गाणे प्रवेशिकेपर्यंत; दोन्हीकडे दारातूनच परतलेला माणूस. आणि नाना.

नाना घड्याळजी. बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचे दुकान होते. एका डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर दुसऱ्यांच्या बिघडलेल्या वेळा दुरुस्त करीत. दुकानामागच्या खोलीत दर गुरुवारी दिवेलागणीनंतर आम्ही जमत असू. भिंतीवर दुरुस्तीला आलेली लंबकाची घड्याळे टांगलेली असत. तंबोरा जुळायला लागला की नाना उठत आणि एकेक लंबक हाताने थांबवीत. "लय एकच पाहिजे," ते म्हणत. त्या खोलीतला काळ गुरुवारी दोन तास खरोखरच थांबत असे.

कुणी म्हणेल, हौशी मंडळींनी बंदिशी कराव्यात ही जरा आगाऊपणाचीच गोष्ट नाही का? थोडी असेलही. पण आपल्या संगीताने हौशी माणसांचा पाहुणचार आजच केलेला नाही. मुंबईत 1870 साली गायन उत्तेजक मंडळी निघाली, ती पारशी हौशी मंडळींनी. पुढे 1884 साली तिच्यात विष्णु नारायण भातखंडे नावाचा एक तरुण आला. शिक्षणाने तो वकील झाला. पण भातखंडे आज कुणाला आठवतात ते वकील म्हणून नव्हे. घराण्याघराण्यांच्या पेटीत कुलपात पडलेल्या शेकडो चिजा त्यांनी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून कुणाही घड्याळजीच्या हाती दिल्या. आमच्या वहीतल्या रेघा आणि टिंबे त्यांचीच आहेत. कोमल स्वराला खाली रेघ, तीव्र मध्यमाला वर रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. समेला फुली आणि खालीला शून्य. स्वतः त्यांनी 'चतुर' आणि 'हररंग' या नावांनी रचनाही केल्या. आणि मला सर्वांत आवडते ती गोष्ट निराळीच. हिंदुस्थानी संगीतपद्धतीवरचा आपला चार भागांचा मोठा मराठी ग्रंथ त्यांनी गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिला. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा शंका काढतो. एवढा मोठा पंडित, पण समोर प्रश्न विचारणारे माणूस असल्याखेरीज त्याला लिहिता आले नाही!

आमच्या गुरुवारचे नियमही थोडे तसेच होते. करणाऱ्याने आपली बंदिश तीनदा म्हणायची. मग तीच दुसऱ्या कुणी म्हणायची, बहुधा काकूंनी. कारण करणाऱ्याच्या गळ्यात त्याचे दोष लपून राहतात. दुसऱ्याच्या गळ्यात गेले की ते उघडे पडतात. सून घरात आल्यावर माहेरची शिस्त कळते, तसे. 'वाहवा' म्हणायला सक्त मनाई. नंतर बोलायचे ते आक्षेपाचे. आणि आक्षेप मोघम चालत नसे. कुठली ओळ, कुठली मात्रा, कुठला स्वर, ते सांगावे लागे. बंदिश जमेच्या पानावर आणि आक्षेप नावेच्या पानावर लिहिला जाई. दोन्ही पाने भरली, म्हणजे बंदिश वहीत आली असे धरायचे.

या मंडळात मी प्रथम गेलो तो नुकतीच दुसरी कादंबरी प्रसिद्ध झालेला लेखक म्हणून. जाताना यमनातली एक बंदिश बांधून नेली होती. मध्यलय त्रितालाची. अंतऱ्यात स्वतःची मुद्राही घातली होती. सदारंगापासून चालत आलेली रीत आहे ही. न्यामतखाँ बीनकारांना आज 'सदारंग' म्हणूनच ओळखतात. आग्ऱ्याचे फैयाजखाँ 'प्रेमपिया' झाले, जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' झाले, रातंजनकर 'सुजान' झाले. त्या मालिकेत आपलेही एक नाव असावे, असे मला वाटले. ते नाव कोणते, हे मात्र आज मला मारून विचारलेत तरी सांगणार नाही.

मी तीनदा म्हटली. काकूंनी म्हटली. काकू मुखड्यात दोनदा अडखळल्या, तेव्हा मला त्यांच्या तयारीविषयी शंका आली. नानांनी डोळ्यावरचे भिंग काढले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि म्हणाले, "मास्तर, मुखडा खालीपासून उचललात. समेपर्यंत मात्रा किती?"

"आठ."

"अक्षरं किती कोंबलीत? मी सतरा मोजली. ही बंदिश नव्हे, बाजाराच्या दिवशीची एस.टी. आहे." कंडक्टरांनी मान डोलावली. "आणि सम कशावर आली?"

मी मनातल्या मनात मोजले. सम 'की' वर आली होती.

"षष्ठीचा प्रत्यय!" नाना म्हणाले. "शाळेत व्याकरण शिकवता ना? अहो, सम म्हणजे बोहलं. सगळं वऱ्हाड ज्याच्यासाठी जमलं, तो तिथं उभा राहायला हवा. तुम्ही नवरदेवाला मांडवाबाहेर ठेवलंत आणि बोहल्यावर आचारी उभा केलात." मग थोडे थांबून म्हणाले, "यमनाचं म्हणाल तर पत्ता अगदी बरोबर लिहिलाय. नी, रे, ग, तीव्र म, सगळं आहे. पण दार वाजवलं, तर घरात यमन नाही."

सगळे हसले. मीही हसलो. वाचकहो, माणूस जेव्हा सगळ्यांबरोबर हसतो आणि घरी जाताना रस्ता चुकतो, तेव्हा त्या हसण्याची किंमत काय असते ते तुम्ही जाणता. त्यानंतर पाच गुरुवार मला काही ना काही काम निघाले.

सहाव्या गुरुवारी मी वह्या तपासत बसलो होतो. आमच्या मंडळींनी चहा समोर ठेवला आणि त्या लाल शाईने माखलेल्या वह्यांकडे पाहून म्हणाल्या, "अहो, एक विचारू? पोरांच्या निबंधांवर एवढी लाल शाई ओतता. म्हणून ती पाच आठवडे शाळा बुडवतात का?"

मी चहा प्यालो आणि निघालो. खोलीत शिरलो तेव्हा नाना लंबक थांबवीत होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "या. तुमचं उजवं पान भरून ठेवलंय." पाहिले तर नावेच्या पानावर घड्याळजीच्या बारीक अक्षरांत माझ्या मुखड्याची मात्रामात्रा उलगडून ठेवलेली. कुठली अक्षरे गळाली तर अर्थ जाणार नाही. कुठला शब्द समेवर आला तर ओळ उभी राहील. निषादावरून रिषभावर जाताना कुठे थोडे थांबले तर यमन दार उघडील. या माणसाने माझ्या फसलेल्या बंदिशीवर पाच आठवडे खर्च केले होते. मी तेवढेच पाच आठवडे माझ्या रागावर खर्च केले होते!

त्या पानाने मला एक गोष्ट शिकवली. माझ्या कादंबऱ्यांवर परीक्षणे आली आहेत. काही बरी, काही वाईट. कुणी लिहिले, 'भाषा ओघवती आहे.' कुणी लिहिले, 'लेखकाला जीवनदृष्टी नाही.' ओघवत्या भाषेचे पुढे काय करावे ते मला कळले नाही. आणि जीवनदृष्टी कुठल्या दुकानात मिळते तेही कुणी सांगितले नाही. पण 'तेराव्या मात्रेवर तुझा शब्द तुटतो' असे कुणी सांगितले, तर रात्री घरी येऊन ती तेरावी मात्रा दुरुस्त करता येते. स्तुती किंवा निंदा माणसाची होते. आक्षेप कामावर असतो. आणि जो तुमच्या कामाची तेरावी मात्रा ऐकतो, त्याने आधीच्या बारा ऐकलेल्या असतात. याहून मोठी दाद मला तरी ठाऊक नाही.

पुढे बरीच वर्षे असे गुरुवार झाले. यमनातली ती बंदिश तीन वेळा पाडून चौथ्यांदा उभी राहिली. तिच्यातून मुद्रा आपोआप गळाली. तिच्यासाठी मात्राच शिल्लक राहिल्या नव्हत्या.

मग एका पावसाळ्यात नाना आजारी पडले. छातीचे दुखणे. पुण्याला नेऊन आणले. दोन महिन्यांनी परतले ते निम्मे होऊन. गुरुवारी त्यांना धरून मागच्या खोलीत आणावे लागले. लंबक कंडक्टरांनी थांबवले. नानांनी उशीखालून कागद काढला आणि म्हणाले, "पूरियातली आहे. इस्पितळात केली."

पूरिया हा दिवेलागणीनंतरचा राग, आणि मोठा नाजूक. पूरिया, मारवा आणि सोहनी, तिघांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच. तीन भावंडांनी एकाच ताग्यातले कपडे घालावेत तसे. ओळखायचे ते चालण्यावरून आणि कोण कुठे टेकते त्यावरून. मारवा रिषभ-धैवतावर टेकतो आणि बेचैन करतो. सोहनी वरच्या षड्जाजवळ घुटमळते. पूरिया खाली, मंद्रात आणि मध्यात राहतो. त्याचा जीव गांधारात आणि निषादात. पूरिया गाताना धैवतावर जरा रेंगाळले, की मारवा डोकावलाच. हे आम्हाला शिकवले होते नानांनीच. एकदा शेटजींना त्यांनी या एका चुकीसाठी महिनाभर छळले होते.

नानांनी तीनदा म्हटली. आवाज राहिला नव्हता, तरी स्थायी अशी काही उतरली की अंगावर काटा यावा. अंतरा वर गेला, तार षड्जाला लागला, उतरू लागला. आणि धैवतावर थांबला. मला वाटले, चुकून झाले असेल. दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदाही. नानांच्या पूरियात मारवा येऊन बसला होता. काकूंनी म्हटली, तेव्हा तर तो स्पष्टच दिसला.

कुणी काही बोलेना. मग वकीलसाहेब म्हणाले, "सुंदर." शेटजी म्हणाले, "लाजवाब." ज्या खोलीत 'वाहवा' म्हणायला मनाई होती, त्या खोलीत आम्ही एकेक करून ती म्हणत होतो. नानांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "छान आहे, नाना."

त्यांनी वही मागून घेतली. डाव्या पानावर वकीलसाहेबांनी बंदिश उतरवली होती. उजव्या कोऱ्या पानावरून नाना बोट फिरवीत राहिले. मग फार हळू म्हणाले, "मास्तर, पुण्याच्या डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. मुलगा मला सांगत नाही. आज तुमच्या 'छान'नं सांगितलं."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी दया केली, असे मला वाटले होते. पण दया म्हणजे काय, तर समोरच्या माणसाला कामगारांच्या हजेरीपटावरून काढून पाहुण्यांच्या पाटावर बसवणे. ज्या माणसाने पाच आठवडे माझे पान भरले, त्याचे पान मी कोरे ठेवले होते. उधारी माझीच होती, आणि फेडायच्या वेळी मी हात झटकले होते.

सकाळी शाळेआधी गेलो. नाना दुकानाच्या फळीवर उन्हात बसले होते. मी उभ्याउभ्याच म्हटले, "नाना, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत, वरून उतरताना, तुम्ही धैवतावर टेकता. तिन्ही वेळा टेकलात. तो मारवा होतो."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आले, ते मी शब्दांत धरू शकत नाही. बंद पडलेले घड्याळ कानाशी धरावे आणि ते चालू लागावे, तेव्हा त्यांचा चेहरा तसा होत असे. "टेकतो ना?" ते म्हणाले. "मलाही शंका होती. पण ऐकू येईना. का टेकतो सांगू? दम संपतो हो तिथं. निषादापर्यंत पोचेतो पुरतो. पुढं गांधारापर्यंत नेता येत नाही. वाटेत धैवत लागला, की बसायला होतं." आणि हसून म्हणाले, "राग नाही चुकला. श्वास चुकला."

शाळेला मला त्या दिवशी उशीर झाला. ओळीतली दोन अक्षरे आम्ही गाळली. निषादावर मुक्काम केला, तिथेच श्वास घ्यायला जागा काढली. मग धैवताला नुसता स्पर्श करून ओळ सरळ गांधारावर आणली. नानांना ती एका दमात जमली. जमली, आणि पूरिया पूरिया झाला. अडचण त्यांच्या छातीत होती. पण तिला वाट करून देताना ओळ आधीपेक्षा चांगली झाली. धडधाकट नानांनी ती तशी केली नसती.

पुढच्या गुरुवारी काकूंनी ती म्हटली. नावेच्या पानावर माझ्या हस्ताक्षरात आक्षेप लिहिला गेला. नानांनी तो वाचला आणि खाली घड्याळजीच्या बारीक अक्षरांत लिहिले, 'मान्य.' त्यानंतर दोन गुरुवार ते आले. तिसऱ्या गुरुवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो, ते त्यांना पोचवायला.

आता आम्ही वकीलसाहेबांच्या ओटीवर जमतो. तिथे लंबक नाहीत. थांबवायचे म्हणजे मोबाइल. वही माझ्याकडे असते. दर लक्ष्मीपूजनाला शेटजी ती मागून नेतात. त्यांचा सगळा हिशेब आता संगणकावर असतो. पूजेपुरती एक लाल चोपडी आणतात, आणि तिच्याशेजारी आमची वही ठेवून तिच्यावरही कुंकवाचे स्वस्तिक काढतात. "नफा नाही, तोटा नाही," ते म्हणतात, "पण खातं चालू आहे."

गेल्या गुरुवारी मी नवी बंदिश नेली होती. म्हणून झाली. थोडा वेळ सगळे गप्प. मग वकीलसाहेब म्हणाले, "छान आहे, मास्तर." माझ्या काळजात चर्र झाले. मी आता मंडळातला जुना माणूस. केस पिकू लागले आहेत. मी वही काढली, उजवे पान उघडून सतरंजीवर ठेवले आणि गप्प बसून राहिलो. बराच वेळ कुणी बोलेना.

शेवटी कंडक्टरांनी खाकरून घसा साफ केला. "मास्तर, रागावू नका. तिसऱ्या ओळीत, अकराव्या मात्रेवर..."

मी लेखणी त्यांच्या हातात दिली. फार दिवसांनी इतके बरे वाटले.